अरे माणसा!

सरळ सांगतो, दोष माझ्या वडिलांचा. दूध उतू गेलं, शिव शिव! दिवे गेले, नारायणा! मी कॉलेज सोडलं तेव्हा तर एका दमात सगळे देव गोळा केले त्यांनी. देवांनी काही केलं नाही, वडिलांनीही नाही. पण ती सवय माझ्या जिभेवर बसली आणि तिने माझी काय शोभा केली, ते ऐकाच.

तेव्हा आम्ही वाशीला नव्या वसाहतीत राहायचो. महाप्याला एका रंगाच्या कारखान्यात मी तीन महिन्यांच्या बोलीवर लागलो होतो. चिकटवलं बळीरामने. हा माझा दोस्त, जवळच्याच बोनकोडे गावचा. गंध लावल्याशिवाय चहासुद्धा प्यायचा नाही. मी म्हणायचो देव नाही, तो म्हणायचा हाय. रोज डबा खाताना हेच.

एकदा असाच तावातावाने बोलत होतो आणि बोट सापडलं ड्रमच्या झाकणात.

"अरे देवा!" मी किंचाळलो.

"बघ!" बळीराम खूश. "डोक्यान नाय, पन तोंडान हाय ना?"

डोकंच फिरलं माझं! म्हटलं, "पुन्हा माझ्या तोंडून देव निघाला, तर वर्षभर दर शनिवारी तुमच्या मारुतीच्या भजनात टाळ कुटीन!"

"शब्द?"

"शब्द!"

आता देवाऐवजी म्हणायचं काय? 'बाप रे' नको, त्यात बाप येतो. 'आई गं' म्हटलं की आई खरंच धावत येते. शेवटी तत्त्वाला धरूनच शोध लावला. जगात देव नाही, माणूस आहे. म्हणून, अरे माणसा!

संध्याकाळी दूध उतू गेलं. मी ओरडलो, "अरे माणसा!"

वडील उठून दार उघडायला गेले. "कोण आलंय रे?"

आठवडाभर घोकलं. एवढं कॉलेजात घोकलं असतं तर!

आणि तो शनिवार उजाडला. तीन महिने भरले, कायम करायचं की नाही ते साहेब त्या दिवशी ठरवणार. वडिलांनी तर आधीच अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलेलं, "पोरगा कायम झाला!" म्हणजे नाही झालो तर जन्मभर घरात 'नारायणा' ऐकायचं. हात घामाने ओले, तळवे शर्टाला पुसतोय, पुन्हा ओले.

साहेब फेरीवर आले. पांढरी शुभ्र पँट. माझ्या हातात हिरव्या रंगाचा भरलेला डबा. कडी निसटली.

गुडघ्यापर्यंत साहेब हिरवे!

"अरे माणसा!!"

साहेबांनी पँटवरची नजर माझ्याकडे वळवली.

"मला अरे म्हणालास?"

"तुम्हाला नाही साहेब!"

"मग इथे दुसरा माणूस कोण आहे?"

"तसं नाही... मी देवाला म्हणणार होतो. म्हणजे देवाला नाही, देवाच्या जागी..."

"म्हणजे मी देव?"

"छे छे! तुम्ही साधे माणूस!"

आता काय सांगू, हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो! देवाला हजारदा 'अरे' म्हणा, तो हूं की चूं करत नाही. साहेबाला एकदा म्हणून बघा!

बळीराम मला वाचवायला धावला. "साहेब, याच्या मनात काय नाय. तो फकस्त नास्तिक हाय!"

साहेबांच्या केबिनमध्ये देवांच्या पाच तसबिरी होत्या. पाचही हार घातलेल्या.

"देव मानत नाही, साहेब मानत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "सोमवारपासून येऊ नकोस."

"अरे देवा!" मी म्हणालो.

बळीरामने माझ्याकडे पाहिलं. गडी रडवेला झाला होता, पण शब्द म्हणजे शब्द.

"आज शनवारच हाय," तो हळूच म्हणाला. "सात वाजता ये."

नोकरी गेली आणि वर्षभर टाळ कुटले.