डावा गाल, उजवा गाल

सकाळी सहाला आमच्या घरात तीन गोष्टी एकदम चालू असतात. दूध उतू जायच्या बेतात असतं, सासूबाई चहा मागत नाहीत, नुसत्या खाकरतात, आणि आमचे हे हातात पेपर धरून आधी आंघोळ की आधी पेपर, या विचारात उभे असतात. त्या मंगळवारी यात चौथी गोष्ट शिरली. कोणीतरी दार ठोठावलं. बेल असताना दार ठोठावणारा माणूस एकतर घाईत असतो, नाहीतर त्याचे हात मोकळे नसतात. मी गॅस बंद केला आणि दार उघडलं.

दारात वरच्या मजल्यावरचे बर्फवाले भावजी. अंगात बनियन, गळ्यात टॉवेल, डाव्या कानाखाली वाळत चाललेला साबणाचा फेस. टॉवेलचं एक टोक हनुवटीवर दाबून धरलेलं आणि ते टोक लालभडक. दुसऱ्या हातात दाढीचं मशीन. त्याची काळी वायर जिन्याच्या पायऱ्यांवरून त्यांच्यामागे फरफटत आली होती. दार त्यांनी कोपराने वाजवलं होतं.

"वहिनी, घाबरू नका," ते म्हणाले. "पडलो नाही, कोणी मारलं नाही. फक्त एवढं सांगा, माझा कुठला गाल गुळगुळीत आहे? डावा की उजवा?"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण असा प्रश्न मला घरातल्या माणसानेही कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "आधी बसा."

भावजी बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक आहेत. सत्तावीस वर्षं. तिथे कॉम्प्रेसरच्या आवाजात बोलायची सवय झाल्यामुळे ते घरातही असं बोलतात, की त्यांचं गुपित आधी खालच्या मजल्याला कळतं आणि मग त्यांच्या बायकोला. कोणाच्याही घरी आले की चहाच्या आधी फ्रिजजवळ जातात आणि त्याच्या पाठीवर तळवा ठेवतात, डॉक्टरसारखा. "याला अजून वर्षभर काही होत नाही," असं एकदा आमच्या फ्रिजला म्हणाले होते आणि बरोबर तेराव्या महिन्यात तो गेला. तेव्हापासून सासूबाईंचा त्यांच्यावर डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास.

"दाबून धर," सासूबाई म्हणाल्या. "आणि बोलू नकोस. बोललास की हनुवटी हलते."

ते बोललेच. आणि मी जसजशी ऐकत गेले, तसतशी गोंधळत गेले.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या पायात रक्ताची गाठ झाली होती, हे आम्हाला माहीत होतं. आता पाय बरा होता, पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, रेझर बंद. जरासं कापलं तरी रक्त लवकर थांबणार नाही, मशीनने दाढी करा. झालं, मुलीने मशीन पाठवलं. तेही वायरवालं, कारण चार्जिंगला लावायचं बाबा विसरतात हे तिला लहानपणापासून माहीत.

"मग करा की मशीनने," मी म्हटलं.

"तेच तर! मशीनने केली आणि मी नापास झालो."

नापास म्हणजे मास्कच्या परीक्षेत. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया वायू असतो. तो सुटला तर डोळे आणि छाती जाळतो. म्हणून मशीनरूममध्ये जाणाऱ्याने चेहऱ्यावर घट्ट बसणारा रबरी मास्क लावायचा असतो, आणि दर सहा महिन्यांनी त्याची परीक्षा होते. माणसाला मास्क घालून बसवतात, वरून प्लास्टिकची मोठी टोपी चढवतात आणि टोपीच्या आत कडू औषधाचा फवारा मारतात. तोंडाला कडू लागलं, तर मास्कला कुठेतरी फट आहे. आणि फट पडते ती बहुतेक वेळा दाढीच्या खुंटांमुळे.

"काल कडू लागलं," भावजी म्हणाले. "सुरक्षेचे साहेब म्हणाले, शुक्रवारी परत घेऊ. त्यातही नापास झालात तर तुम्हाला गेटवर बसवावं लागेल. नियम आहे."

"लागलं तरी लागलं म्हणून सांगायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, खोटं बोलून शुक्रवारी पास होईन हो. ज्या दिवशी खरंच वायू सुटेल, त्या दिवशी कोणाला सांगू?"



गेट म्हणजे वाईट काम नव्हे. पण मी त्यांना आमच्या फ्रिजजवळ उभं राहिलेलं पाहिलं आहे. ज्या माणसाला कॉम्प्रेसरचा श्वास बदललेला दुरून कळतो, त्याने दिवसभर गाड्यांचे नंबर लिहीत बसायचं, हे मला कसंसंच वाटलं.

तर डॉक्टर म्हणतात मशीन, साहेब म्हणतात गुळगुळीत, आणि दोन्ही एका गालावर मावत नाहीत. म्हणून भावजींनी त्या सकाळी एक गाल एकाने आणि दुसरा दुसऱ्याने करून बघितला होता. डावा रेझरने, उजवा मशीनने. निकाल मात्र त्यांना स्वतःला लावता येईना. इतकी वर्षं गार पाइप हाताळून बोटांची टोकं अशी राठ झाली होती, की त्यांना गाल आणि भिंत सारखीच लागायची. रोज सकाळी त्यांची बायको हाताची मागची बाजू त्यांच्या गालावरून फिरवायची आणि एकतर "जा" म्हणायची, नाहीतर "परत आरशासमोर". ती महिनाभर नातीला सांभाळायला मुलीकडे गेली होती.

आता शेजाऱ्याच्या गालावरून मी हात कशी फिरवणार? मी यांच्याकडे पाहिलं. हे लगेच पुढे झाले, दोन्ही गाल चाचपले आणि म्हणाले, "माझ्या मते डावा. नाही, थांबा. उजवासुद्धा वाईट नाही. मुळात रेझर उलटा फिरवायचा असतो..."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. आमच्या यांनी बारा वर्षांत दाढीला ब्लेड लावलेलं नाही. छातीपर्यंत आली आहे. दाढी कशी करावी यावर मात्र घरात सगळ्यात जास्त तेच बोलतात.

शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. "कापूस आण. गालावरून फिरव. जिथे अडकेल तिथे खुंट."

मी औषधाच्या डब्यातला कापूस आणला. यांनी फिरवला, मी चष्मा लावून पाहिलं. डाव्या गालावर एकही धागा नाही. उजवा गाल मात्र जबड्याखाली पांढरा झाला, जणू तिथे म्हातारपण आधी आलं होतं.

"म्हणजे रेझर जिंकला," भावजी म्हणाले आणि उत्साहाच्या भरात टॉवेल काढला. हनुवटीवरून रक्ताची धार परत सुरू झाली.

"जिंकला म्हणे!" सासूबाई कडाडल्या. "दाब आधी!"

रक्त थांबायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात मी मशीनबरोबर आलेली पुस्तिका वरून आणून चाळली. तिच्यात नुसती चित्रं होती. चित्रातला माणूस सारखा हसत होता, आणि तो मशीन गालावर हलकेच गोल गोल फिरवत होता.

"भावजी, तुम्ही कसं फिरवता?"

त्यांनी दाखवलं. कानापासून हनुवटीपर्यंत सरळ, दाबून, लांब ओढ. वर "साबण लावल्याशिवाय दाढी केल्यासारखं वाटत नाही" म्हणून आधी फेसही लावायचे. चाळीस वर्षं रेझर धरलेला हात तो. हातात नवीन वस्तू आली तरी त्याला काय कळणार? चित्रातल्या माणसाचा गाल कोरडा होता.

बुधवारी सकाळी ते कोरड्या गालाने, गोल गोल फिरवून आले. कापूस फक्त जबड्याखाली दोन ठिकाणी अडकला. गालाला ताण देऊन तिथे परत फिरवलं, तर तेही गेलं. सगळे खूश. हे म्हणाले, "बघा, मी सांगत होतो." त्यांनी नेमकं काय सांगितलं होतं ते कोणालाच आठवेना, पण आनंदाच्या वेळी कोण विचारतं?

संध्याकाळी भावजी परत आले ते चेहरा पाडून. "दुपारी मास्क लावून बघितला. कडेने हवा येते." कापूस फिरवला, तर सकाळचा गुळगुळीत गाल जागोजागी धरत होता. आता मात्र मला काहीच समजेना. कापूस खोटं बोलतो का? गाल? की मी चष्मा बदलायला हवा?

गुरुवारी सकाळी ते आले तेव्हा त्यांच्या खिशात रेझर होता. "ठरलं माझं," ते म्हणाले. "उद्या रेझरनेच करतो. चार थेंब गेले तर गेले."

"आणि परवा?" सासूबाई म्हणाल्या. "तेरवा? रोज चार थेंब? माझ्याकडे बघून सांग."

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं नाही. फ्रिजकडे पाहत राहिले. इतका मोठा आवाज असलेला माणूस हळू बोलला. "आई, आत माझ्याशिवाय तो तीन नंबरचा कॉम्प्रेसर कोणाला कळत नाही हो. बिघडायच्या आधी एक सूर चढवतो तो. नवीन पोरांना तो ऐकूच येत नाही. गेटवरून मलाही ऐकू येणार नाही."

मी कापसाचा बोळा बोटांत फिरवत बसले होते, आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्ही दाढी किती वाजता करता?"

"साडेपाचला."

"आणि मास्क?"

"तो दुपारी दोनला. रोज दोनलाच आत जायचं असतं, व्हॉल्व्ह तपासायला. परीक्षाही तेव्हाच."

मी बोटांवर तास मोजले. साडेआठ. रेझर कातडीला लागून कापतो, त्यामुळे ती दाढी दुपारपर्यंत टिकत असणार. मशीन केसाचं जरासं टोक मागे ठेवतं, आणि दोन वाजेपर्यंत ते टोक वर डोकं काढतं. पहाटेच्या गालावर आम्ही दोन दिवस कापूस फिरवत होतो, आणि मास्क बसत होता दुपारच्या गालावर.

"अहो, मग मशीनची दाढी दीड वाजता करा ना! पाणी नको, साबण नको, रक्त नाही. दिवसातून दोनदा केली तरी बिघडलं कुठे?"

भावजींचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "तिथे कशी करू? मशीनरूमबाहेर हात धुतो तिथे आरसा आहे. पण प्लग नाही."

"तुमच्या कारखान्यात वीज नाही?" हे म्हणाले.

"अख्खा कारखाना विजेवर चालतो हो! मशीनरूममध्ये ठिणगी नको म्हणून तिथे साधा प्लग चालत नाही. ऑफिसात आहेत, पण तिथे साहेबांच्या टेबलाशी उभं राहून कल्ले साफ करू का?"

"मग आरशाजवळ बसवून घ्या."

"वायरमन म्हणतो अर्ध्या तासाचं काम. पण त्याला अर्ज लागतो. साहेबांची सही." ते ओशाळून हसले. "वहिनी, तुम्ही कॉलेज केलंय. लिहून द्याल?"

मी कागद घेतला. मला वाटलं, दोन ओळींचं काम. पण भावजी सांगायला लागले आणि अर्ज पायातल्या गाठीपासून सुरू झाला. मग सत्तावीस वर्षं आली. तीन नंबरचा सूर आला. डॉक्टर आले, मुलगी आली, तिने वायरवालंच मशीन का घेतलं ते आलं. हे म्हणाले, "शेवटी तीव्र नाराजी टाका." सासूबाई म्हणाल्या, "माझा कापूसही लिही." दुसरं पान भरलं तेव्हा मी वाचून पाहिलं, आणि या माणसाला रजा हवी आहे, बदली हवी आहे की कारखान्याकडून कापूस हवा आहे, ते मलाच कळेना.

"भावजी, एकच सांगा," मी म्हटलं. "साहेब समोर उभे आहेत आणि त्यांना घाई आहे. तुम्हाला काय हवंय?"

ते उठले. खिशातला रेझर काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात, खालच्या मजल्यालाही ऐकू जाईल असं, त्यांनी सांगितलं. मी दोन्ही पानं बाजूला सारली आणि नव्या कागदावर तेवढंच लिहिलं:

"साहेब, हात धुतो तिथल्या आरशाजवळ एक प्लग पॉइंट बसवून द्या. उद्या दीडच्या आत."