धुरकट बायकांची नदी

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून त्यानं तीस वर्षं लोकांच्या फोटोंवरचे मस, मुरुमं आणि व्रण पुसले. सगळे त्याला सफाईकाका म्हणत. गावातल्या निम्म्या सोयरिकी म्हणे त्याच्या कुंचल्यानं जुळल्या. प्रत्यक्ष भेटीत किती टिकल्या ते विचारू नये.

साठी जवळ आली तेव्हा वाचनालयानं काम दिलं. नदीचा सगळ्यात जुना फोटो, काचेवर घेतलेला, त्यावरून सभागृहासाठी मोठं चित्र काढायचं, खाली काकाची सही. आयुष्यातली पहिली. महिनाभर काका घरात असा वावरला की नदी जणू त्यानंच खणली होती.

फोटोत काठावर पाचसहा धुरकट ठिपके होते. सवयीच्या हातानं काकानं काचेवरचे डाग समजून ते गाळले. पायरीवर एक छत्रीवाला स्पष्ट होता, त्याला मात्र मिशीसकट रंगवला.

चित्र पुरं झालं आणि बायकोनं मूळ फोटोवर भिंग धरलं.

"अहो, हे डाग कुठले? बायका आहेत. धुणं आपटतायत."

काकानं विचारलं, मग यांची डोकी कुठायत?

"कधी धुणं धुवा, म्हणजे कळेल डोकं एका जागी राहतं का."

काकानं भिंग हिसकावलं. प्रत्येक ठिपक्याशेजारी कपड्यांचं गाठोडं होतं, अगदी रेखीव. त्या काळच्या कॅमेऱ्यापुढं बराच वेळ दगडासारखं थांबावं लागे. राबणाऱ्या पुसट झाल्या आणि काडीचं काम न करणारा छत्रीवाला झळकला.

काकानं आठ दिवस खपून बायका परत घातल्या, तशाच पुसट. डाग काढण्यापेक्षा घालणं अवघड, हे त्याला या वयात कळलं.

वाचनालयाचे चिटणीस बघायला आले. "काका, डाग राहिले की."

"राहिले नाहीत. ठेवलेत."

चिटणिसांनी गोडीत सुचवलं की डाग काढा, नाहीतर सभागृह विसरा. काकाला मोह झाला नाही असं नाही. जन्मभर तो 'काढतो' एवढंच म्हणत आला होता. पण या खेपेला ते तोंडातून निघेना.

चित्र लागलं बोळात, शौचालयासमोर. काका दोन दिवस तिकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी चोरासारखा बघायला गेला. रांगेतली एक बाई आपला नंबर सोडून चित्राला नाक लावून उभी होती. तिनं काकालाच विचारलं, "ही वाकतेय की उठतेय?"

"घटकाभर थांबली असती तर सांगितलं असतं," काका म्हणाला, आणि तिच्याशेजारी उभा राहून स्वतःच बघायला लागला.