पाटावरचा गोलकीपर

नाशिकहून धुळ्याची एसटी पकडली तेव्हा माझ्या मांडीवर डबा होता आणि डब्यात कापसात गुंडाळलेले सहा फुटबॉलपटू. शेजारच्या आजोबांना वाटलं डब्यात पेढे आहेत. चांदवडपर्यंत त्यांची नजर डब्यावरून हलली नाही.

हे खेळाडू माझ्या मामांचे. टेबलावर हिरवं कापड पसरायचं, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा माणसं मांडायची आणि नखानं टिचकी मारून चेंडू गोलात घालायचा, असा तो खेळ. मामांनी लहानपणी पुठ्ठ्याची चपटी माणसं कापून कोटाच्या बटणात खोचली होती, खाली वजनाला लोखंडी वॉशर. मग पातळ प्लॅस्टिकची माणसं आली. शेवटी आला तो परदेशी संच, रंगवलेला, हातपाय असलेला. प्रत्येकाच्या पायाखाली वाटीच्या बुडासारखी गोल बैठक, त्यामुळे टिचकी मारली की गडी घसरत, गिरकी घेत जायचा आणि डुलून पुन्हा उभा राहायचा.

मामा-मामी पंधरा दिवस लेकीकडे गेले आणि संच माझ्याकडे ठेवून गेले. मी त्यावर सुटकेस ठेवली. सहा जण कामातून गेले. गोलकीपरवर एक ओरखडा आला म्हणून सख्ख्या भावाशी दोन वर्षं न बोललेला हा माणूस शनिवारी परतणार होता. आईमागे माझं म्हणून एवढं एकच माणूस होतं. खरं सांगतो, मला झोप लागत नव्हती.

नाशिकमध्ये या कामाला कुणी हात लावेना, म्हणून धुळे गाठलं; तिथे एका गल्लीत नाना मूर्तिकार भेटले. खिशातून आणलेला एक धड गडी नमुन्याला दिला, तर त्यांनी तो जमिनीवर ठेवला, बोट लावलं आणि तो डुलताच कपाळाला आठी घातली.

"भाऊ, आसनबिगर मूर्ती उभी ऱ्हास (राहते) का?"

मी खेळ समजावला. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, समजला.

दोन दिवस लॉजवर काढले. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) रोज खाल्ली. पहिल्या दिवशी ठेचा भाजीसारखा वाढून घेतला आणि खाणावळीच्या अक्कांनी न विचारता ताकाचा तांब्याच समोर ठेवला.

गुरुवारी नानांनी कागदाच्या लगद्याचे सहा जण पुढे मांडले. रंग अगदी मामांच्या संघाचा. पण लाथ मारायला उचललेले पाय शेजारी शेजारी जुळवलेले, आणि सगळे अनवाणी. बूट कुठे गेले, असं विचारलं.

"मूर्तीना पायम्हा बूट नही घालतस, भाऊ," नाना म्हणाले.

प्रत्येकाच्या खाली लाल चौकोनी पाट, सोनेरी काठाचा. डोळे तेवढे कोरे होते. ते नानांनी माझ्यासमोर शेवटी भरले, आणि सहाही जण शांतपणे माझ्याकडे पाहू लागले. मी गोलकीपरला टिचकी मारली. माझं नख दुखावलं. तो जागचा हलला नाही.

"आते हालस का, दखा (बघा)," नाना समाधानानं म्हणाले.

पाट काढून द्याल का, असं विचारायला माझी जीभ रेटेना. रेटली तेव्हा ते म्हणाले की हे काम त्यांच्या हातून व्हायचं नाही. जळगावात रशीदभाई खराद्याकडे जा.

शुक्रवारी सकाळी जळगाव गाठलं. रशीदभाई पाळण्याची खेळणी आणि लाटणी बनवायचे. त्यांनी पाट निरखला, करवत उचलली आणि परत ठेवली.

"नानांनी बसवलेलं मी नाही उठवणार, साहेब."

पाइपच्या कारखान्यातलं टाकाऊ प्लॅस्टिक घेऊन त्यांनी गोल बैठका कातल्या आणि वर चौकोनी खाचा पाडल्या. पाट खाचेत घट्ट बसला. खाली वॉशर ठोकला. बटणापासून निघालेली बैठक अशी खराद्याच्या दुकानात पोचली. टिचकी मारताच गोलकीपर फरशीवर गिरकी घेऊन ताठ उभा राहिला. मग रशीदभाई आणि शेजारचा घड्याळजी दुपारभर खेळले, आणि माझी गाडी चुकली.

शनिवारी मामांनी डबा उघडला. चष्मा लावला. पाच बूटवाले, सहा अनवाणी.

"मामा, मी मोडले," मी म्हणालो.

त्यांनी गोलकीपर टेबलावर ठेवला, नख जवळ नेलं आणि ते तिथेच थांबले.

"याला टिचकी कशी मारू रे?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं. मामा माझ्याशी बोलले, एवढंच मला ऐकू आलं.

तेवढ्यात मामींनी गोलकीपरला कुंकू लावलंसुद्धा.

धुळ्या-जळगावात एक साधा पाट मोडायला कुणी तयार झालं नाही. सगळ्या प्रवासात मोडणारा मी एकटाच. आता आम्ही पाच-पाच जणांनी खेळतो. उरलेले सहा देवघरात आहेत. आणि दर रविवारी, खेळ सुरू होण्याआधी, मामा मला त्यांच्यापुढे हात जोडायला लावतात.