घरातल्या घरात उघडणारी साइट

तापलेल्या जुन्या लॅपटॉपमधल्या धुळीचा वास आला की मला शिवाजी पेठेतली माडीवरची खोली आठवते. तिथं मी एकटा राहायचो आणि घरमालकाच्या वायफायवर, खिडकीत ठेवलेल्या लॅपटॉपवरून, स्वतःची वेबसाइट चालवायचो. खाली तालमीसमोर फुटबॉलवरून भांडणं जुंपायची, वर मी लॅपटॉपच्या पंख्याची घरघर ऐकत लेख चढवायचो. लिंक ओळखीच्या सगळ्यांना पाठवली होती. 'भारी लिहितोस', 'मस्तच' अशी उत्तरं आली, साइटवर रोज सात-आठ भेटीही दिसायच्या, आणि मी आरशासमोर लेखकासारखा गंभीर चेहरा करून बघायला लागलो. एकदा नेट बंद पडलं म्हणून दुरुस्तीवाला आला, तर त्यालाही कौतुकानं साइट दाखवायला गेलो. त्यानं स्वतःच्या फोनच्या नेटवर लिंक दाबून बघितली आणि म्हणाला, "पावणं, ही घराबाहेरच्या नेटवर उघडतच न्हाय. कंपनीनं अख्ख्या गल्लीला मिळून नेटवरचा एकच पत्ता दिलाय, बाहेरचा माणूस तुमच्या लॅपटॉपपतूर पोचणार कसा?" "मग ह्या रोजच्या भेटी कुणाच्या?" "तुमच्याच की! दुसरं कोण हाय हितं?" तो हसला, मीही त्याच्यापेक्षा मोठ्यांदा हसलो. तो गेल्यावर सगळी कौतुकं पुन्हा वाचली. न उघडताच केलेली. फक्त चंदगडच्या थोरल्या बहिणीनं लिहिलं होतं, "उघडंना रे, चारदा बघितलं." आणि मी तिला ऐटीत कळवलं होतं, "अक्का, तुला फोन वापरता येत न्हाय." आता साइट कुठूनही उघडते. अक्काला मात्र पुन्हा बघ म्हणायचं धाडस मला अजून झालेलं नाही.