फ्रीस्टाईलमध्ये हरणारे माझे अण्णा

माझे अण्णा ठरवून हरायचे.

तेच त्यांचं काम होतं. हे मी पहिल्यांदाच चारचौघांत सांगतेय आणि लिहितानाही कान गरम झालेत.

सकाळी भावाला फोन केला, पोस्ट टाकतेय म्हणून. तो म्हणाला, "ताई, फोटो टाक, दोन ओळी टाक. बाकीचं कशाला उकरतीस? पोरांची लग्नं व्हायचीत अजून."

त्याचंही चूक नाही.

अण्णा पिशोरचे. लाल मातीतले खरे पैलवान. इसाक वस्तादांनी त्यांना पोटच्या पोरासारखं घडवलं. मग एका कुस्तीत गुडघा गेला आणि माती सुटली.

तेव्हा फ्रीस्टाईलच्या कंपन्या गावोगाव फिरायच्या. तिकीट, लाउडस्पीकर, दोऱ्यांची रिंग, आणि निकाल आधीच ठरलेला. गोरापान हिरो जिंकणार. काळा मुखवटा घातलेला व्हिलन आपटणार.

तो काळा मुखवटा म्हणजे अण्णा.

घरी सांगितलेलं, ट्रकवर ड्रायव्हर आहे. जालना, परभणी, नांदेड. सगळीकडं जाऊन पडले. चेहरा दिसत नव्हता तोवर निभावलं.

मग कंपनी आपल्या शहरात आली. तेव्हाचं औरंगाबाद. आणि मॅनेजरनं जाहीर करून टाकलं की शेवटच्या कुस्तीत काळा मुखवटा हरला, तर भर रिंगमध्ये त्याचं तोंड उघडं करणार.

अण्णा त्याच्या पाया पडले. तो म्हणाला, "पब्लिक कू चेहरा होना, पैलवान."

त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून इसाक वस्ताद बसले होते. मागं पिशोरहून ट्रक भरून आलेली माणसं.

अण्णा हरले. मुखवटा निघाला.

मग कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तर आपल्या गावचा!"

आणि हशा.

वस्ताद हसले नाहीत. उठले, शाल खांद्यावर टाकली, निघून गेले. पुढं जन्मभर अण्णांशी एक शब्द बोलले नाहीत.

माझा जन्म नंतरचा. पण सुट्टीत पिशोरला गेलं की पोरं म्हणायची, "आडव्याची पोर आली रे!" मला वाटायचं, असेल काहीतरी जुनं नाव. आडवा म्हणजे रिंगमध्ये आडवा पडलेला, हा अर्थ कळला त्या दिवसापासून मी गावाला जायचं नाव काढलं नाही.

आता गंमत बघा. घरात केबल आली आणि मी रेसलिंगची अशी वेडी झाले की विचारू नका. आई म्हणायची, "पोरीच्या जातीला हे काय?" अण्णा मात्र मागं येऊन बसायचे. टीव्हीकडं बघत नाही असं दाखवत.

एकदा पिंजऱ्यातली मॅच चालू होती. एकानं वरून उडी टाकली. मी टाळ्या पिटल्या.

"उडी मारणाऱ्याला काय बघती? खालचा बघ."

"तो तर नुसता पडलाय, अण्णा."

"नुसता नाय. त्यानं झेललाय. हात बघ, कसा मानेखाली घातलाय. त्यो हात चुकला आसता तर वरच्याचं मडं उचलावं लागलं आसतं."

त्या दिवसापासून माझं बघणंच बदललं. आजही वाद घालायला तयार आहे: दोन मिनिटांत समोरच्याला संपवणारे राक्षस मला कधीच भारी वाटले नाहीत. मला आवडतात त्या जुन्या लांबलचक मॅच. एकच पकड धरून ठेवलेली, पब्लिक वैतागलेलं, आणि पकडीतला माणूस असा तडफडतोय की आपलाच खांदा दुखावा. मॅच हिरो मोठी करत नाही. हरणारा करतो.

हे मी अण्णांना म्हटलं. वाटलं, खूश होतील. त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग त्या संध्याकाळचं सांगितलं. पहिल्यांदा आणि शेवटचं.

"वस्ताद समोर दिसले आन् माझं डोकं फिरलं. ठरवलं, आता खरी लढायची. त्यो हिरो माझ्यापुढं लेकरू व्हता. घेतला त्याला धोबीपछाडवर."

"मग?"

"कानात म्हन्ला, भैया, खांदा निकल गया. आधीच्या पडण्यात निखळला व्हता. मी जोर लावला आसता तर हात कायमचा गेला आसता त्याचा. सोडला. आन् पडलो."

"अण्णा, मग हे वस्तादांना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? हरल्याची लाज नव्हती गं. त्यांनी फुकट शिकवलेलं मी तिकिटावर इकलं, त्याची व्हती."

मी म्हटलं, तुम्ही त्या माणसाचा हात वाचवलात. त्यांनी टीव्ही बंद केला आणि उठून गेले.

काही वर्षांनी वस्ताद वारले. अण्णा म्हणाले, "चल, गाडी काढ." मीच त्यांना पिशोरला घेऊन गेले. कब्रस्तानच्या फाटकाबाहेर ते लिंबाखाली उभे राहिले, मान खाली घालून. आत जाईनात.

वस्तादांचा मुलगा बाहेर आला. मला वाटलं, आता मिठी मारेल.

तो म्हणाला, "अब्बा ने तुम्हारा नाम कभी नहीं लिया. मिट्टी देना है तो आ जाओ. कोई रोकता नहीं."

एवढंच.

अण्णा आत गेले. मूठमूठ माती दिली. मागं सरकले आणि जिथं बाकीच्यांच्या चपला होत्या तिथं खाली बसले. एवढा थोराड माणूस. कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही.

परतताना वाटेत चहाला थांबलो. म्हणाले, "माफ नाय केलं त्यांनी. बरोबर केलं."

मला आजही ते पटत नाही. आणि तरीही कुणी विचारलं की वडील काय करायचे, तर तोंडातून आधी "ड्रायव्हर होते" असंच निघतं.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं.

माझे वडील फ्रीस्टाईलचे पैलवान होते. त्यांच्यासारखं पडणारा मी अजून पाहिला नाही.

अण्णा, तुमच्या लेकीचा नमस्कार. शांत झोपा.