फंड काढायचा नव्हता, हलवायचा होता

१७ जून १९७४, सोमवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. बमरोलीच्या गिरणीतील रंगपरीक्षकाची माझी नोकरी शनिवारी संपली होती. उधन्याच्या रंगद्रव्यांच्या कारखान्यात मी रुजू होणार होते, जवळजवळ दुप्पट पगारावर आणि स्वतंत्र प्रयोगशाळेसह. अनुभवाचा दाखला घ्यायला मी कचेरीत उभी होते आणि पाय जमिनीवर ठरत नव्हते.

दाखला देताना भविष्यनिर्वाह फंडाचे काम पाहणाऱ्या वयस्क कारकुनांनी पेढे मागितले. नव्या नोकरीचे उद्या आणते, असे मी म्हटले.

"नोकरीचे कशाला, बेन? लग्नाचे आणा."

कुणाचे लग्न, असे विचारताच त्यांनी माझ्याच अर्जाची कचेरीत राहणारी प्रत पुढे सरकवली. शनिवारी पेन्सिलीच्या फुल्या होत्या तिथे तिथे मी सह्या केल्या होत्या. मजकूर ते मागाहून भरत. गिरणीत सगळ्यांचे असेच चाले. बाटलीवर चिठ्ठी नसेल तर तिला हातही न लावणारी मी, कोऱ्या कागदांवर तीनदा सही करून मोकळी झाले होते. आता ही स्थळप्रत सांगत होती : फंडाची संपूर्ण रक्कम काढून घेणे, कारण, विवाह.

माझ्या नोकरीला चार वर्षे चार महिने झाले होते. पाच वर्षे भरण्याआधी रक्कम काढली तर तिच्यावर कर लागणार आणि नव्या जागी मोजणी शून्यापासून होणार. तीच रक्कम नव्या कारखान्याच्या फंडात हलवली तर कर नाही, शिवाय सेवा सलग धरली जाणार. सव्विसाव्या वर्षी निवृत्तीची गणिते मांडते म्हणून माझे वडील, नाना, घरी माझी थट्टा करीत. मला मात्र चक्रवाढ व्याजाच्या वक्ररेषेचे टोक आतापासूनच दिसत होते, आणि ती रेषा सुरुवातीलाच तोडण्याची माझी मुळीच तयारी नव्हती.

मूळ अर्ज लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटात होता आणि टपाल अकराला निघणार होते. कारकून म्हणाले, जावक वहीत नोंद झाली आहे, आता पाकीट फोडता येत नाही. मी विचारले, लग्नाची माहिती त्यांना कोणी दिली? ते खरोखरच गोंधळले.

"आजवर सात मुलींनी इथली नोकरी सोडली, बेन. सातही लग्नासाठी."

"सात नमुन्यांवरून नियम होत नाही, काका. आठवा तुमच्यासमोर उभा आहे."

त्यांच्याच टाचणवहीच्या मागे मी दोन रकाने आखले : काढल्यास काय, हलवल्यास काय. तीस वर्षांच्या व्याजापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या फंडाला किती वर्षे झाली, ते हळूच बोटांवर मोजले. मग वहीतील नोंदीवर आडवी रेघ मारून त्यांनी लाख फोडली. हस्तांतराचा अर्ज आम्ही ओळ न् ओळ मोठ्याने वाचत भरला. सही मी सर्वांत शेवटी केली. अकराला सात मिनिटे कमी असताना नवे पाकीट टपालाच्या पिशवीत पडले. मी जिना दोन दोन पायऱ्या ओलांडीत उतरले.

नोव्हेंबरात उधन्याच्या कचेरीतून पावती आली. सेवेचा आरंभ : १६ फेब्रुवारी १९७०. ती तारीख मी तीनदा वाचली, कारण एकही दिवस गळाला नव्हता. प्रयोगाच्या वहीत स्वतःच्या गोष्टी लिहू नयेत, असा माझा कडक दंडक होता; त्या दुपारी तो मोडून मी आरंभीची शिल्लक तिथेच, शाईने, टिपून ठेवली : २,४३७ रुपये १५ पैसे.