मन्मथअप्पांची ट्रायल

दुष्काळाच्या त्या वर्षी उदगिरात जुन्या मोटारसायकलींची सगळ्यात कडक परीक्षा कुणी घेतली असेल, तर ती आमच्या गल्लीतल्या मन्मथअप्पांनी. दहा महिन्यांत एकोणतीस गाड्या पाहिल्या, एकोणतीसच्या एकोणतीस चालवल्या आणि एकही घेतली नाही.

अप्पांचं बारदान्याचं दुकान. पण पीकच नाही म्हटल्यावर रिकामी पोती नेऊन लोक त्यात काय भरणार, धुरळा? त्यामुळे अप्पा मोकळे. अन् मोकळ्या माणसाला गाडी घ्यायचं लवकर सुचतं.

पहिल्या गाडीच्या वेळी मन साफ होतं, हे सांगायला पाहिजे. ट्रायल घेता घेता अप्पा गावाबाहेर तीन किलोमीटरवरच्या एका मळ्यापाशी गेले. तिथल्या बोअरला अजून पाणी होतं आणि मालक कुणाला नाही म्हणत नव्हता. इकडे गल्लीतला नळ वीस-वीस दिवस नुसती हवा सोडायचा. अप्पांच्या डोक्यात उजेड पडला. हाळीच्या बाजारात बैल घेताना काय नुसता हिंडवून बघतात? जुंपून, ओझं टाकून, चढाला लावून बघतात. मग मोटारसायकलीला वेगळा कायदा कशाला?

तेव्हापासून प्रत्येक ट्रायल घरावरून जायला लागली. त्यांची बायको सिद्धम्मा दोन कॅन दोरीसकट दारात तयार ठेवायची. तासाभरात चाळीस लिटर पाणी घरात, गाडी मालकाच्या अंगणात आणि अप्पा खोट काढायला मोकळे. "क्लच घसरतो." "चेन ओरडते." एखाद्या गाडीत काहीच सापडलं नाही, तर अप्पा नंबरप्लेटवर बोट ठेवायचे. "चोवीसचा नंबर, म्हंजी लातूरचा हाय. उद्या उदगीर जिल्हा झाला, की ही गाडी परमुलखाची झाली." जिल्हा गेली वीस वर्षं उद्याच होणार होता, त्यामुळे यावर कुणाला बोलता यायचं नाही. सिद्धम्माच्या टाकीतली घागरभर आमच्याही घरी यायची, म्हणून आम्हालाही बोलता यायचं नाही.

या एकोणतिसांत एक गाडी व्यंकटीची. व्यंकटीचा दुधाचा रतीब. म्हशी विकल्या, मग गाडीही विकायला काढली. मीटरवर ब्याण्णव हजार. त्या एका गाडीची अप्पांनी सात वेळा ट्रायल घेतली आणि सात वेळा नावं ठेवली.

असं छान चाललं होतं. तेवढ्यात अप्पांच्या शिवकांताची ऑर्डर आली. पोरीने नांदेडला नर्सिंग केलेलं. आता देवणीच्या बाजूला, पंचवीस किलोमीटरवर, आरोग्य उपकेंद्रात नेमणूक. सोमवारी नऊला हजर व्हायचं. तिकडं एसटी एकच, ती संध्याकाळी, अन् मुक्कामाला जागा नाही. सोमवारी पोहोचली नाही तर यादीतल्या पुढच्या पोरीला नोकरी. दहा महिने "गाडी बघून राहिलोय" म्हणणाऱ्या अप्पांना आता खरोखरच गाडी लागणार होती.

उदगिरात तर अप्पांना लांबून बघितलं तरी लोक किल्ली खिशात घालायचे. शनिवारी ते नांदेडला गेले. तिथल्या विक्रेत्याने चकचकीत गाडी पुढे केली. मीटरवर अठरा हजार. अप्पांनी इंजिनवर तळहात ठेवला. गरम. म्हणजे गार असताना ही चालू होत नसणार, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधीच हिला उठवून ठेवलेली. मग ब्रेकच्या पायदानाकडे पाहिलं. रबर घासून आरसा झालेलं.

"पाव्हणं, अठरा हजारात एवढं रबर झिजवायला हत्तीचा पाय लागतो," म्हणून अप्पा उठले.

खोट्या परीक्षा घेता घेता माणूस खरा परीक्षक झाला होता! परतीच्या एसटीत त्यांनी मनातल्या मनात एकोणतीस गाड्या ओळीने उभ्या केल्या. मीटर खरं, इंजिन खरं अशी एकच निघाली. व्यंकटीची.

रविवारी सकाळी बापलेक व्यंकटीच्या अंगणात.

"या अप्पा. आज कॅन कुठं इसरले?"

"आज खरंच घ्यायची हाय रे."

"हाव, आठव्यांदा खरंच."

"एक ट्रायल दे."

"तुमाला न्हाई."

"ट्रायलबिगर मी गाडी घेत नसतो."

"ट्रायल घिऊन तरी कुठं घेता?"

शिवकांता पुढे झाली. "मला देता का, काका?"

"तू घे की माय. पण गाडी यीस्तवर तुझे अप्पा या बाजेवर तारण."

पोरीने आधी इंजिनला हात लावला. गार. दुसऱ्या किकला गाडी उठली. मागे जाऊन धूर बघितला, पिशवी अप्पांच्या मांडीवर ठेवली आणि निघाली. नांदेडात ती सुया टोचण्याबरोबर गियरची गाडीही शिकून आली होती, हे अप्पांना आत्ता कळत होतं.

अर्धा तास गेला. एक तास गेला. अप्पांनी फोन लावला, तो मांडीवरच्या पिशवीत वाजला.

"यायची," व्यंकटी म्हणाला. "म्हणजे, क्लच घसरतो म्हणला होता ना तुमी. चढाला दमली आसंल."

अप्पा मान लांब करून रस्त्याकडे बघायला लागले.

"मागचा टायर बी गुळगुळीत हाय म्हणला होता. अन् इंजिन म्हातारं. कुठं बंद पडलं तर..."

भिंतीवर एव्हाना पाच-सहा डोकी जमली होती. त्यात आमचंही एक. दीड तास झाला आणि अप्पा बाजेवरून ताडकन उठले.

"काय घसरत न्हाई क्लच! चाळीस लिटर पाणी घिऊन मळ्याचा चढ सात येळा चढलो, एकदाबी पहिला गियर टाकावा लागला न्हाई. टायर मागल्या दिवाळीचा हाय. काय बी हुणार न्हाई माझ्या लेकीला! नांदेडापासून लातुरापोत्तर अशी गाडी दुसरी न्हाई!"

व्यंकटी हळूच म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला अप्पा, भिताडावरच्या लोकाला ऐकू गेलं न्हाई."

तेवढ्यात शिवकांता आली. धुळीने पांढरी. "उपकेंद्रापर्यंत जाऊन आले. रोज जायचाय तोच रस्ता बघितला. मागचा ब्रेक कमी लागतोय, पुढच्या शॉकअपमधून तेल येतंय. बाकी गाडी चोख. अन् काका, पेट्रोल टाकलंय मी."

एकोणतीस गाड्यांच्या ट्रायलीत हे शेवटचं वाक्य उदगिरात कुणी ऐकलं नव्हतं.

पण अप्पांचे कान आधीच्या वाक्यावर टवकारले. दोन खोटी, त्याही खऱ्या! त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून हातावर पसरलं. हाळीत भाव असाच होतो, कापडाखाली, बोटांनी. व्यंकटीने हात आत घातलाच नाही.

"आता झाकायला काय ऱ्हायलंय, अप्पा? ब्रेक मी करून देतो. भावात रुपाया कमी न्हाई."

अप्पांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवरची डोकी खाली गेली, पण हसू ऐकू येत होतं. त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि सांगितला तो भाव मोजला.

सोमवारी शिवकांता नऊला दहा कमी असताना उपकेंद्राच्या दारात होती.

अप्पा त्या वेळी दोन कॅन घेऊन टँकरच्या रांगेत होते. नंबर त्रेचाळीस. पुढच्या अण्णारावने वळून विचारलं, "गाडी घेतली म्हणं, अप्पा. मला बी एक घ्यायची हाय. पोरगी घरी आली की जरा ट्रायलला द्या ना, बघतो कशी हाय."

अप्पांनी त्याच्या हातातल्या कॅनकडे एकदा नीट पाहिलं.

"नगं बाबा," ते म्हणाले. "क्लच घसरतो."